आबांच्या रक्तातलं दूध

आजारी माणसाला दवाखान्याच्या दारातून परत पाठवायचं आणि ठणठणीत माणसाला हाताला धरून खाटेवर नेऊन निजवायचं, असलं उफराटं काम मी रीतसर पगार घेऊन केलेलं आहे. कुणाला खरं वाटत नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही, आणि तो तर तेव्हा रोज सकाळी मला त्याच दवाखान्याच्या फाटकाशी सोडायला यायचा.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. दौंडच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी सिस्टर होते. खाली ओपीडी, मागे बाळंतिणींची खोली, आणि वर गच्चीला लागून एक रिकामी खोली. तिच्या खिडकीतून रेल्वेचं यार्ड दिसायचं. ही खोली पुण्याच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या संशोधनासाठी मागून घेतली. हे मेंदूचे डॉक्टर. उंच, थोडे वाकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कपाळाकडे बघायचे. खालची आया म्हणायची, "ह्यांच्यापुढं पदर कपाळावर घ्यावा लागतोय."

त्यांचा प्रश्न असा होता. आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. झोप, भूक, चिडचिड, आनंद, सगळीकडे त्याची लुडबूड चालते. माणूस म्हातारा झाला, पण तब्येतीने धडधाकट असला, तर हे रसायन पूर्वीसारखंच काम करतं की मंदावतं? आता जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही. मग त्यांनी वेगळी वाट धरली होती. घरात माणूस जागा आहे का हे बाहेरून कसं कळतं? कडी वाजवायची आणि आतून ओ येते का बघायचं. तशी एक गोळी होती. ती मेंदूतलं सेरोटोनिन मोकळं करायची. ते मोकळं झालं की मेंदूच्या बुडाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडायची. गोळी ही कडी, आणि प्रोलॅक्टिन ही आतून आलेली ओ. दर तासाला रक्त काढायचं, प्रोलॅक्टिन किती चढलं ते मोजायचं. ओ खणखणीत आली तर आत सगळं जागेवर आहे, क्षीण आली तर मंदावलंय. (ती गोळी पुढे बाजारातून गेली. वजन उतरावं म्हणून रोज घेणाऱ्यांच्या हृदयाला तिचा त्रास व्हायचा. आमच्याकडे ती माणशी एक-दोनदाच दिली जायची.)

प्रत्येक माणूस दोनदा बोलवायचा. एकदा खरी गोळी, एकदा दिसायला तशीच पण पोकळ. कुठली कधी, हे माणसाला ठाऊक नाही, मला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. दोन बैठकांमध्ये पंधरवडा जाऊ द्यायचा. येताना रात्रीपासून पोट रिकामं, चहा नाही, तंबाखू नाही. खाटेवर आडवं पडायचं, हाताच्या शिरेत बारीक नळी बसवलेली, आणि दुपार कलेपर्यंत तसंच पडून राहायचं.

फक्त झोपायचं नाही. झोपलं की प्रोलॅक्टिन आपणहून चढतं. घाबरलं, चिडलं, दचकलं, तरीही चढतं. म्हणजे समोरच्या म्हाताऱ्याला जागं ठेवायचं, पण हसवायचं नाही, रडवायचं नाही आणि तापवायचंही नाही. हे खातं माझ्याकडे होतं. मी त्यांना गोष्टी सांगायचे. माझ्या गोष्टी ऐकून लोक एकतर खो खो हसतात नाहीतर अंगावर धावून येतात, हे डॉक्टरांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला जिन्यात बोलावून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला एखादी कंटाळवाणी गोष्ट येत नाही का?"

मी म्हटलं, "सर, तुमच्या संशोधनाबद्दल सांगू का?"

ते हसले. कपाळाकडे बघतच.

माणसं मिळवायला आम्ही जीप घेऊन गावोगाव फिरलो. भीमेकाठच्या वडगाव रासाईत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसलो तर हा हा म्हणता गर्दी. पुण्याचा डॉक्टर फुकट तपासतोय ही बातमी आमच्या आधी पोचली होती. जो तो आपलं दुखणं घेऊन पुढे.

"डॉक्टरसाहेब, हा गुडघा बघा."

"मामा, गुडघा दुखणारे आम्हाला नकोत."

"मग ही पाठ घ्या. पाठ लई दुखती."

"पाठही नको. ज्यांना काही होत नाही अशी माणसं हवीत."

मामा डॉक्टरांकडे बघत राहिले आणि मग शेजारच्याला म्हणाले, "ह्यो दुकान मांडून बसलाय आन् गिऱ्हाईक नको म्हणतोय."

रक्तदाब, साखर, रोजचं औषध, जुनी उदासी, यातलं काहीही असलं की तो माणूस बाद. संध्याकाळपर्यंत ओट्यावरची बहुतेक गर्दी बाद झाली आणि रागाने घरी गेली. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "मला काय बी होत न्हाई."

हे आबा. सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला तांबडं मुंडासं, अंग वाळक्या फांदीसारखं. पूर्वी त्यांचं घराणं मेंढरांमागे फिरायचं. आता जमिनीचा तुकडा होता, घर होतं, पण आबांनी पंधरा-वीस मेंढरं काही सोडली नव्हती. रोज सकाळी सोडायची, नदीच्या पल्याडपर्यंत न्यायची आणि अंधार पडायच्या आत आणायची. त्यांच्या मागे त्यांचा एकुलता एक मुलगा उभा होता, कंपनीचा निळा शर्ट घालून. तो रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात होता आणि कारेगावला दोन खोल्या घेऊन राहायचा.

"काही होत नाही कसं, आबा?" तो म्हणाला. "पावसाळ्यात बांधावरून पडलात ते?"

"बांध पडला. मी त्याच्यावर व्हतो."

डॉक्टरांनी तपासलं. छाती, डोळे, नाडी, स्मरण. मग म्हणाले, "उत्तम. यांना घ्या."

मुलगा खूश झाला. मला जरा नवल वाटलं. त्यानेच मग खुलासा केला. "बरं झालं साहेब. चांगले आहेत तोवरच त्यांना आईसकट कारेगावला न्यायचं ठरवलंय. दिवाळीला कंपनीला सुट्टी असते, तेव्हा शिफ्टिंग करणार. व्यापाऱ्याशी बोलणं झालंय, मेंढरं तो घेऊन जाईल."

आबांनी मान खाली घातली. त्यांच्या मुंडाशाची एक बाजू हलली, बस्स. आजी, म्हणजे आबांची बायको, ओट्याखाली उभी होती. ती म्हणाली, "चार मेंढ्या गाभण हायेत रे."

"आई, दर वर्षी चार गाभण असतातच."

तो वाईट मुलगा नव्हता, हे मी आत्ताच सांगून टाकते. बाप बांधावरून पडल्याची बातमी त्याला सेकंड शिफ्टला मशीनवर उभं असताना कळली होती. तिथून सुटून, ट्रकला हात दाखवत तो कसा घरी पोचला होता ते त्याने मला पुढे सांगितलं. त्याला बाप डोळ्यासमोर हवा होता. आणि आबांना मेंढरं डोळ्यासमोर हवी होती. दिवाळी तोंडावर आली होती.

डॉक्टर मग सगळ्यांना सांगतात तसे नियम सांगू लागले. शेवटचा नियम असा: "दोन बैठका पूर्ण होईपर्यंत रोजचं जगणं आहे तसंच ठेवायचं. जेवण तेच, झोप तीच, काम तेच. मध्येच काही बदललं तर दोन दिवसांची तुलना करता येत नाही."

आबांनी मान वर केली. "काय बी बदलायचं न्हाई?"

"काहीही नाही."

"मी सकाळच्यानं सांजच्यापत्तुर मेंढरामागं चालतो, तेबी?"

"रोज चालता? मग ते तर अजिबात बंद करायचं नाही. चालण्याचा शरीरावर फार परिणाम होतो."

"मेंढरं इकली तर?"

डॉक्टरांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी आबांच्या कपाळाकडे बघत अगदी निर्मळपणे सांगितलं, "अभ्यास संपेपर्यंत नका विकू."

मुलगा हे ऐकत होता. कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, कुठला अभ्यास आणि काय. पण हा क्वालिटीतला. ट्रायल चालू असताना सेटिंगला हात लावायचा नसतो हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. तो स्वतःशीच पुटपुटला, "हां, कंडिशन सेम ठेवायला लागतील." मग बोटांवर हिशेब केला. पहिली बैठक दसरा झाल्यावर, दुसरी दिवाळीच्या आधी. "चालेल. दिवाळीच्या आत संपतंय."

पहिली बैठक नीट झाली. आबा पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आले. नळी बसवताना त्यांनी हात असा पुढे केला, जणू मला बांगडी भरायची आहे. गोळी गिळली. मग खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. यार्डात मालगाड्या इकडून तिकडे होत होत्या, डबे सुटत होते, जोडले जात होते. आबांना ते आवडलं. "ही बी राखणच हाय की," ते म्हणाले. "एक डबा हिकडं पळतोय, एक तिकडं."

बाकीचे सगळे दुसऱ्या तासाला पेंगायला लागायचे. आबा नाही. त्यांना उघड्या डोळ्यांनी पडून राहायची आयुष्यभराची सवय. माझी गोष्ट सांगायची वेळच आली नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

तिसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यात काय शोधता तुमी?"

"एक हार्मोन असतं, आबा."

"ते कशाला असतं?"

इथे मला साधं काहीतरी सांगून सोडता आलं असतं. पण खरं उत्तर इतकं गोड होतं की जिभेवरून मागे घेववेना. मी म्हटलं, "बाळंतिणीला दूध येतं ना, ते आणणारं हार्मोन आहे हे."

आबांनी मान वळवली. "मंजी मेंढीला जे असतं ते?"

"तेच."

"आन् ते माझ्या अंगात हाय?"

"सगळ्यांच्या अंगात थोडं थोडं असतं. पुरुषांच्याही. आपल्या डॉक्टरांच्यासुद्धा."

आबांनी एक अख्खी मालगाडी निघून जाताना बघितली. मग डॉक्टर आत आले तेव्हा त्यांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नव्याने न्याहाळून घेतलं.

ही गोष्ट आबांनी गावात जाऊन सांगितली. का सांगू नये? पण गावाने ती आपल्या पद्धतीने वाढवली. आठ दिवसांत वडगावात एवढंच उरलं की दौंडला म्हाताऱ्या बाप्यांचं दूध मोजतात. पुढच्या आठवड्यात ज्यांची पाळी होती त्यातले तीन बाप्ये आलेच नाहीत. एक मामा होते, सोसायटीचे चेअरमन राहिलेले, पांढऱ्याशुभ्र टोपीतले. ते स्वतः येऊन खालच्या आवाजात मला म्हणाले, "सिस्टर, इलेक्शन जवळ आलंय. आपलं नाव त्या दुधातनं काढा."

"मामा, त्यात काही कमीपणा नाही."

"तुमाला न्हाई. समोरच्या पॅनलला कळलं तर?"

म्हाताऱ्या बायांनी मात्र काहीच मनाला लावून घेतलं नाही. केंदूरची एक आत्या नळी बसवून घेताना म्हणाली, "इतकी वर्सं आमचं काढलं, आता त्यांचं बी बघा की जरा." ही आत्या माझ्या माहेरगावची, त्यामुळे मी तिला दटावलं नाही. पण हसण्याने तिचं पुढचं एक रक्त वाया गेलं, डॉक्टर म्हणाले.

आता दुसरी बैठक. दिवाळीच्या अलीकडची. हिच्यानंतर आबांचा नियम सुटणार होता आणि चार दिवसांनी व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता.

आबा वेळेवर आले. उपाशी होते. नळी बसली, गोळी गेली, पहिलं रक्त निघालं, दुसरं निघालं. खोलीत शांतता. मी शेजारी बसून एका भोपळ्याची गोष्ट सांगत होते, ती मी खास कंटाळवाणी करून बसवली होती. तेवढ्यात खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पायांचा आवाज. बरेच पाय.

आमच्याकडे दवाखान्यात माणूस ठेवला म्हटलं की भेटायला जायचंच असतं. ते टाळता येत नाही. टाळलं तर पुढे लग्नाकार्यात ऐकून घ्यावं लागतं. दार उघडलं आणि अर्धं वडगाव आत आलं. हातात केळी, नारळ, बिस्किटांचे पुडे. भावकीतल्या दोन बाया सरळ खाटेच्या पायथ्याशी बसून आबांचे पाय दाबू लागल्या. एकीने नळी बघितली आणि डोळ्याला पदर लावला.

"आबा, असं कसं हो एकाएकी?"

"काल तर पाण्यावर दिसलं व्हतं!"

"सिस्टरबाय, खरं सांगा, कितपत हाय?"

"काही झालेलं नाही यांना," मी ओरडले. "हे निरोगी आहेत!"

"व्हय व्हय," एक म्हातारे माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले. "आमच्या थोरल्यालाबी डॉक्टर असंच म्हनत व्हते. शेवटपत्तुर."

आणि आबा? आबांनी घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. आवाज असा बारीक केला होता की मलाच क्षणभर त्यांची नाडी बघावीशी वाटली. "आलात?" ते म्हणाले. "लई लांबनं आलात. बसा." कोणीतरी केळं सोलून त्यांच्या तोंडापाशी धरलं आणि त्यांनी ते खाल्लं. अख्खं. मग दुसरं खाल्लं.

डॉक्टर वर आले तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती आणि एक आजी मोठ्याने रडत होती. त्यांनी पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्यांकडे बघितलं, ते माझ्या. "सिस्टर, हे काय?"

"भेटायला आलेत, सर."

"पण हे आजारी नाहीत!"

"ते यांना पटत नाही, सर."

"आबा, तुम्ही केळं खाल्लंत?"

"पाव्हण्यांनी आणलं," आबा क्षीण आवाजात म्हणाले. "तोंड कसं फिरवायचं?"

दिवस बाद झाला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आधीच अर्धे बाप्ये दुधाला घाबरून पळालेले, त्यात हा एक पक्का माणूस हातचा घालवायचा नव्हता. "आबा, आपल्याला हे परत करावं लागेल. पंधरवड्याने."

"मंजी दिवाळीच्या पल्याड?"

"हो. तुमची काही अडचण?"

"माझी कसली अडचण," आबा म्हणाले. चेहरा अगदी दुखवट्याचा. "आन् तवर काय बी बदलायचं न्हाई?"

"काहीही नाही."

संध्याकाळी मुलगा शिफ्ट सोडून धावत आला. त्यालाही कुणीतरी कळवलं होतं. बाप फाटकापाशी बिडी ओढत उभा बघून त्याला आधी हायसं वाटलं आणि मग तो तापला.

"आबा, काय झालं? रिजेक्ट झालात का?"

"साहेब म्हणत्यात, रिवर्क."

मुलगा कपाळावर हात मारून घेता घेता थांबला आणि हसला. बिघडलेला माल पुन्हा करायचा, हा त्याच्याच कारखान्यातला शब्द बापाने त्याच्या हातात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्याने व्यापाऱ्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं. घरातलं सामानही मग हललं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो बायकापोरं घेऊन कारेगावहून वडगावलाच आला.

दिवाळी झाली. ठरलेल्या सकाळी आबा दौंडला आलेच नाहीत. एसटी येऊन गेली, दुसरीही गेली. डॉक्टर गच्चीवर येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांनी मला जीपमधून वडगावला पाठवलं. "आजारी नसले म्हणजे मिळवली," ते म्हणाले, आणि त्या वेळी ते मला प्रथमच थोडे माणसासारखे वाटले.

घरापुढे कुणी नव्हतं. मागे मेंढवाड्यात गेले तर तिथे सगळे. आबा गुडघ्यांवर बसलेले, बाह्या वर केलेल्या. समोर एक मेंढी अडलेली. मुलाने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं, आणि त्याचा निळा शर्ट, क्वालिटीचा, छातीपर्यंत भरलेला होता. "आस्तं," आबा त्याला सांगत होते. "दाब नको देऊ. तिला तिचं करू दे. हां. आता धर." आणि ओलं कोकरू भसकन बाहेर आलं. मुलाने ते उचललं, नाकातोंडातलं बोटाने पुसलं, मागच्या पायांना धरून हलकेच झुलवलं. त्याला ते सगळं येत होतं. कारखान्यात जायच्या आधी त्याने काय केलं होतं ते विसरायला त्याला वेळ मिळाला नव्हता बहुतेक.

त्याची दोन पोरं कुंपणावर बसली होती. धाकटीच्या मांडीवर आधीच एक कोकरू होतं, दोन-तीन दिवसांचं, आणि ती त्याला आपल्या दिवाळीच्या फ्रॉकच्या झालरीने पुसत होती. "पप्पा, हिचं नाव मी ठेवणार," ती म्हणाली. "हिला न्यायचं नाही हं कुणी."

पप्पा हातातलं कोकरू पुसत राहिले.

मी आजीपाशी जाऊन बसले. तिने मला काळा चहा दिला. दूध का नाही हे मी विचारलं नाही, कोकरं प्याली असतील. "आजी, आबांना आज यायचं होतं ना?"

"रातीपास्नं बसल्यात तिच्यापाशी. चहाचा घोट न्हाई की तंबाखू न्हाई. तुमचा उपास मातुर पाळला बगा."

"आणि त्या दिवशी एवढी माणसं कशी काय आली हो दवाखान्यात? कुणी सांगितलं?"

आजीने पदराने तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. ती रडते की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर ती हसत होती. "त्यांनीच निरोप धाडला व्हता. सकाळी एसटीतनं उतरताना डायवरजवळ. आबाला ॲडमिट केलंय, तेवढं वडगावात कळवा म्हनून." ती डोळे पुसत म्हणाली, "चार गाभण हायेत, दिवाळीनंतर पंधरा दिवसांत वितील म्हनले. तेवढं निभावून न्यायचं व्हतं. दुधावरची मेंढी कोन इकतंय?"

मी चहा खाली ठेवला आणि मेंढवाड्याकडे बघितलं. आबा हात धूत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि त्यांना कळून चुकलं. तोंडावर एक रेष हलली नाही. खाटेवर हनुवटीपर्यंत घोंगडी ओढून पडलेला तो माणूस आता मला पुरता दिसला. मी आजवर पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, गावच्या जत्रेतली आणि पुण्याच्या थेटरातली, पण रोग्याचं काम इतकं संयमाने केलेलं दुसरं पाहिलेलं नाही.

"येऊ का आता, पोरी?" त्यांनी विचारलं. "उपाशीच हाय."

मी त्यांना जीपमधून नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, रात्रभराचं जागरण ऐकलं, आणि म्हणाले की अशा अंगाने घेतलेलं रक्त काही कामाचं नाही. पुन्हा पंधरवडा. या वेळी आबांचा खरोखर हिरमोड झाला. "आता मी मोकळाच व्हतो की," ते मला जिन्यात म्हणाले.

त्यापुढच्या पंधरवड्यात ते आले, आणि सबंध बैठक निर्विघ्न पार पडली. खाली फाटकाशी एक माणूस बसवला होता, पण वडगावाहून कुणी फिरकलं नाही. आबा यार्डातले डबे बघत राहिले, मी भोपळ्याची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, आणि दर तासाचं रक्त बर्फात घालून पुण्याला गेलं. ते रक्त सर्वांत स्वच्छ निघालं, डॉक्टर पुढे म्हणाले. म्हणजे नेमकं काय ते मला समजलं नाही, पण त्यांना झालेला आनंद समजला.

बैठक संपली तेव्हा मुलगा बापाला न्यायला आला होता. डॉक्टर म्हणाले, "झालं. आता तुम्ही मोकळे. काहीही बदललं तरी चालेल."

हे वाक्य पडलं आणि बापलेकांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. मी नळी काढून कापूस दाबून धरला होता.

मुलाने खिशातून रुमाल काढला, उगाच घाम पुसला. "आबा, कोकरं दूध सोडेपर्यंत असू द्या. पोरगी ऐकत नाही. दर गुरुवारी सुट्टीला मी येतोच आहे."

"आन् मग?"

"मग बघू."

"मग बघू," आबा म्हणाले. कापूस स्वतःच्या बोटाने दाबत ते उठले. दारापाशी थांबून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, माझं किती निघालं?"

"ते एकेकाचं सांगता येत नाही, आबा. सगळ्यांचं मिळून बघायचं असतं."

आबांनी मान डोलावली. "मेंढरांचं बी तसंच असतं," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले. मुलगा एक पायरी पुढे राहून उतरत होता, पडलेच तर धरता यावं म्हणून. आबांना ते दिसत होतं आणि ते मुद्दाम भराभर उतरत होते.

डॉक्टर रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सिस्टर, त्या दुसऱ्या बैठकीला एवढी माणसं आली कशी, याचा काही पत्ता लागला का?"

"खेड्यात बातमी पसरतेच, सर," मी म्हटलं, आणि रक्त फिरवायच्या यंत्रात नळ्या ठेवून बटण दाबलं.